राघू अचानक चावायला लागला तर…



यंदाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात "तिळगूळ घ्या, गोड बोला" म्हणत हॉलमध्ये फिरत असताना दोन-तीन जणांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे पोपट आहे ना? आमचा इतका गुणी होता हो, पण महिन्याभरापासून अंगावरच येतोय. परवा मुलीच्या बोटातून रक्त काढलं. काय करावं?" विचारणाऱ्यांच्या चेहऱ्यावरची ती काळजी आम्ही लगेच ओळखली. २०२३ च्या मार्चमध्ये आमचेही चेहरे असेच झाले होते. आपल्या संपादक मंडळींनी तिथेच फर्मान काढलं, "एकेकाला सांगत बसण्यापेक्षा लिहूनच द्या." म्हणून हा लेखनप्रपंच!

आधीच सांगतो, आम्ही पक्षितज्ज्ञ नाही. आम्ही दोघंही कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरणारी माणसं. पण ठेच लागल्यावर पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंकडून, वाचनातून आणि मुख्य म्हणजे आमच्या राघूकडून जे शिकलो, ते इथे सांगत आहोत.

आमच्या घरची हकीकत

आमचा राघू इंडियन रिंगनेक जातीचा. म्हणजे आपल्याकडे वडा-पिंपळावर थव्याने दिसतो तोच हिरवा, लाल चोचीचा पोपट. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा पोपट पाळता येत नाही. इथे मात्र पिंजऱ्यातच जन्मलेली पिल्लं रीतसर विकत मिळतात. २०२० च्या उन्हाळ्यात सगळे घरात अडकलेले असताना मुलींच्या हट्टापायी आम्ही तीन महिन्यांचं पिल्लू आणलं. नर की मादी हे विचारायचं सुचलंही नाही. पोपट म्हणजे राघू, एवढा सोपा हिशोब.

पाच-सहा महिन्यांचा असताना काही आठवडे तो फिस्कारायचा, चोच मारायचा, पण ते आपोआप गेलं. (रिंगनेक पिल्लांमध्ये हे वयात येण्याआधीचं नाटक बहुतेक वेळा दिसतं. घाबरून हात मागे घेतला नाही आणि जबरदस्तीही केली नाही, तर ते ओसरतं.) पुढची दोन वर्षं मजेत गेली.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींच्या आजी साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. शिकागोचा हिवाळा तुम्हाला सांगायला नको. आम्ही कामावर, मुली शाळेत, बाहेर बर्फ, आणि शेजारीपाजारी कोणाचा आवाज नाही. आजींना दुपारभर सोबत राघूचीच. त्या सोफ्यावर शाल पांघरून बसायच्या, हा शालीत शिरून बसायचा. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या, आपल्या पानातला कोमट वरणभात बोटाने भरवायच्या. आम्ही कौतुकाने फोटो काढत होतो.

फेब्रुवारीत एकदा धाकटी आजींना चहा द्यायला गेली आणि राघूने उडत येऊन तिच्या मनगटाचा चावा घेतला. मग घरात जो कोणी सोफ्याजवळ जाईल त्याच्यावर हल्ला सुरू झाला. मार्चमध्ये थोरली त्याला खांद्यावर घेऊन नेहमीसारखी आजींशेजारी बसायला गेली आणि त्याने तिचा वरचा ओठ फाडला. दोन टाके पडले.

त्या रात्री आम्ही दोघांनी ठरवून टाकलं की पक्षी कोणाला तरी देऊन टाकायचा. आजी न जेवताच उठल्या. म्हणाल्या, "माझ्या माहेरी अकरा वर्षं पोपट होता. कधी कुणाला चावला नाही. ह्याला इथलं पाणी लागलं." शेवटी ओठाला टाके घातलेली आमची लेकच म्हणाली, "आधी डॉक्टरांना तर दाखवा. तो आजारी असला तर?"

पहिली पायरी डॉक्टर

लेकीचं म्हणणं बरोबर होतं. पक्ष्याचा स्वभाव एकाएकी बदलला तर सर्वांत आधी दुखणं नाही ना, हे बघायला हवं. रानात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. दुखत असलं की हात लावू देत नाहीत, आणि आपल्याला वाटतं रागावलाय.

पिसं झडून नवी येताना ती कोंबासारखी कोवळी असतात आणि दाबली गेली की दुखतात. मादीच्या पोटात अंडं अडकू शकतं. जुन्या किल्ल्या, स्वस्त घंट्या, गंजू नये म्हणून मुलामा दिलेली तार असल्या वस्तू कुरतडून शिसं किंवा जस्त पोटात जाऊ शकतं. ही सगळी कारणं डॉक्टरच शोधू शकतात.

पक्षी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसत असेल, खाणं सोडलं असेल, श्वासागणिक शेपटी वरखाली होत असेल, विष्ठेचा रंग किंवा घट्टपणा बदलला असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत. फोनवर आधी विचारा. घरात स्वयंपाकाचा डिजिटल काटा असेल तर पक्ष्याचं वजन आठवड्यातून एकदा करून लिहून ठेवा. सव्वाशे ग्रॅमच्या आसपासच्या जिवाचं दहा-बारा ग्रॅम वजन घटणं म्हणजे आपलं पाच-सहा किलो घटण्यासारखं आहे, आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी राघूला तपासलं, रक्त घेतलं आणि मग आम्हालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा किती तास झोपतो? दिवे कधी मालवता? काय खातो, कोणाच्या हातून? कुठे हात लावता? चावण्याच्या आधीच्या क्षणी नेमकं काय घडलं? चावल्यावर तुम्ही काय केलंत? पंधरा मिनिटांत त्यांनी आमच्या घराचा सगळा दिनक्रम काढून घेतला.

चार दिवसांनी रिपोर्ट आला. आजार काही नाही. आणि राघू हा राघू नव्हताच, मादी होती! या जातीत गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ फक्त नराला येतो, तोही साधारण दीड ते तीन वर्षांचा झाल्यावर. त्याआधी नर-मादी सारखेच दिसतात, म्हणून रक्ताच्या किंवा पिसाच्या डीएनए तपासणीने ठरवावं लागतं. आम्ही मात्र अडीच वर्षं कंठ फुटायची वाट बघत होतो. मुलींनी त्याच दिवशी नाव बदलून 'राघूबाई' केलं.

मग हा राग कशाचा?

राघूबाई अंडी घालायच्या तयारीत होत्या. आमच्या सोफ्याचं खालचं अस्तर त्यांनी कुरतडून आत एक कोनाडा तयार केला होता, ते आम्ही घरी येऊन वाकून बघितल्यावर कळलं. तिच्या लेखी सोफा हे घरटं, आजी हा जोडीदार, आणि चहा घेऊन येणारी धाकटी म्हणजे घरट्यावर चालून आलेली शत्रू!

हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण पक्ष्याच्या बाजूने बघितलं तर त्यात वेडेपणा काहीच नाही. हजारो वर्षं माणसाबरोबर राहून कुत्रा बदलला, तसा पोपट बदललेला नाही. आपल्या घरातला पोपट रानटी पूर्वजांपासून थोड्याच पिढ्या दूर आहे. १९९२ च्या वाइल्ड बर्ड कन्झर्व्हेशन कायद्यापर्यंत अमेरिकेत रानातून पकडलेले पोपट मोठ्या प्रमाणात येत होते. तेव्हा विणीचा काळ आला की रानातला पक्षी जे करतो, तेच तो आपल्या फॅमिली रूममध्ये करतो.

विणीचा काळ आला हे शरीराला कळतं कसं? पक्षी तीन-चार खुणा बघतो, आणि त्या सगळ्या आम्ही नकळत पुरवत होतो.

पहिली खूण उजेडाची. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा, म्हणजे फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. शिकागोत जूनमधला दिवस सव्वापंधरा तासांचा आणि डिसेंबरमधला नऊ तासांच्या थोडासा वर, म्हणजे फरक सहा तासांचा! शिवाय घरातले दिवे वेगळेच. आमचा पिंजरा टीव्हीच्या खोलीत होता आणि आजींच्या मालिका रात्री अकरापर्यंत चालायच्या. राघूबाईंना भर हिवाळ्यात सोळा-सतरा तासांचा दिवस मिळत होता. पोपटाला दहा ते बारा तास शांत अंधार हवा, तो सात तासांवर आला होता. झोप न झालेलं लहान मूल कसं किरकिरतं ते आठवून बघा.

दुसरी खूण जागेची. हे पोपट झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. म्हणून शालीची गुहा, पुठ्ठ्याचं खोकं, कपाटाचा खण, सोफ्याखालची फट, सगळं त्यांना ढोलीसारखंच. दुकानात मिळणारे मऊ कापडी तंबूही त्यातच आले.

तिसरी खूण खाण्याची. जोडीतला नर मादीला पोटातून काढलेलं मऊ, कोमट अन्न चोचीने भरवतो. बोटाने भरवलेला कोमट वरणभात म्हणजे जवळजवळ तीच मागणी! राघू कधी कधी मान हलवून आजींच्या बोटावर दाणे ओकायची. आम्हाला वाटायचं अपचन झालं. तो प्रेमाचा आहेर होता.

चौथी खूण स्पर्शाची. डोकं आणि मान सोडून पाठीवर, शेपटीजवळ किंवा पंखांखाली हात फिरवणं पक्ष्याच्या भाषेत फक्त जोडीदारासाठी असतं.

तुमच्याकडे कॉकटिएल, कॉन्यूर, क्वेकर किंवा आफ्रिकन ग्रे असेल तर वय वेगळं असेल. कॉकटिएल वर्षभरातच वयात येतो, आफ्रिकन ग्रेला तीन ते पाच वर्षं किंवा जास्तही लागतात. क्वेकर तर आपल्या पिंजऱ्याबाबत एरवीही फार हट्टी असतो. पण खुणा थोड्याफार फरकाने याच.

आणि प्रत्येक चावा हार्मोनचाच असतो असंही नाही. नवं बाळ, नवं घर, खिडकीबाहेर येऊन बसणारा ससाणा, पिंजऱ्याची बदललेली जागा, आपण कापलेले केस, कशानेही पक्षी बिथरू शकतो. तो बोलू शकत असला तरी "मला भीती वाटते" असं म्हणू शकत नाही. म्हणून चोच.

"अचानक" काहीच नसतं

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एक गृहपाठ दिला. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहायच्या: आधी काय घडलं, पक्ष्याने काय केलं, त्यानंतर काय घडलं. यूटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मानसशास्त्रज्ञ सुसान फ्रीडमन यांनी पोपट पाळणाऱ्यांमध्ये ही पद्धत रुजवली आहे. पक्ष्याला 'दुष्ट', 'मत्सरी' अशी लेबलं लावण्यापेक्षा आधीची परिस्थिती आणि नंतरचा परिणाम बदलायचा.

आठवडाभर लिहिल्यावर आम्हाला दिसलं की ती प्रत्येक वेळी आधी सांगत होती, आम्हीच बघत नव्हतो. तुम्हीही या खुणा बघा:

१. डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होणं.
२. मानेवरची पिसं उभी राहणं, शेपटी पंख्यासारखी पसरणं.
३. पंख खांद्यापासून किंचित वर उचलून अंग ताणून उभं राहणं.
४. चोच उघडी ठेवून पुढे झुकणं, फिस्कारणं.
५. एकदम स्तब्ध होणं. ही खूण सर्वांत सहज निसटते.

पक्षी आनंदात असतानाही पहिल्या तीन खुणा दिसू शकतात. तरी अशा वेळी हात पुढे करू नये हे उत्तम. आपण या खुणांकडे दुर्लक्ष केलं की पक्षी एक धडा शिकतो: इशारा देऊन उपयोग नाही, थेट चावल्यावरच हात मागे जातो. मग तो इशारा देणंच सोडतो आणि आपण म्हणतो, "अचानक चावला!"

आजींच्या माहेरच्या पोपटाचं कोडंही इथेच सुटलं. आम्ही आजींना विचारलं, "त्याला पिंजऱ्याबाहेर कोण काढायचं?" त्या म्हणाल्या, "छे! बाहेर कशाला? मिरची, पेरू आत टाकायचा, एवढंच." म्हणजे तो पोपट फार प्रेमळ होता असं नाही. अकरा वर्षांत कोणी त्याच्या अंगाला हातच लावला नव्हता, मग तो चावणार कोणाला? (जाता जाता: पोपटाला मिरची तिखट लागत नाही. तिखटपणा जाणवण्याची आपल्यासारखी सोय पक्ष्यांच्या शरीरात नसते.)

चावलाच तर काय करायचं नाही

• ओरडू नका. "आई गं!" ही आरोळी पोपटाला फार आवडते. एवढा मोठा तमाशा दुसऱ्या कशानेच होत नाही, म्हणून तो पुन्हा करून बघतो.
• मारू नका, चोचीवर टिचकी मारू नका, तोंडावर फुंकर घालू नका, हात हलवून पाडू नका. पक्ष्याला यातून शिस्त कळत नाही, आपली भीती मात्र बसते.
• शिक्षा म्हणून पिंजऱ्यावर चादर टाकून कोंडू नका. अंधार झोपेसाठी आहे.
• जाड हातमोजे घालून पकडायला जाऊ नका. आम्ही एकदा गेलो आणि आगीतून फुफाट्यात पडलो. तीन दिवस ती आमच्या सावलीलाही घाबरत होती.

मग करायचं काय? शक्य तितकं शांत राहून पक्ष्याला जवळच्या दांडीवर, खुर्चीच्या पाठीवर किंवा जमिनीवर ठेवायचं आणि एक-दोन मिनिटं लक्ष काढून घ्यायचं. बस्स. रागाने नाही, नुसतं दूर व्हायचं. आणि नंतर वहीत लिहायचं की आपण कुठली खूण चुकवली.

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवा. चावा खोल असेल किंवा चेहऱ्यावर, डोळ्याजवळ, सांध्यावर असेल तर डॉक्टरांकडे जा. चावण्याशी संबंध नसलेली एक गोष्टही लक्षात ठेवा: घरात कोणाला ताप, कोरडा खोकला, अंगदुखी झाली तर आपल्याकडे पोपट आहे हे डॉक्टरांना सांगा. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस नावाचा आजार क्वचित होऊ शकतो, आणि वेळेत कळला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो.

पक्षी बिथरलेला असेपर्यंत खांद्यावर घेणं पूर्ण बंद. तिथून ओठ, कान, डोळे चोचीच्या टप्प्यात येतात आणि आपल्याला तिचे डोळे दिसत नाहीत. आमच्या लेकीच्या बाबतीत चूक आमचीच होती.

घर बदललं, मग पक्षी बदलला

डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आम्ही पिंजरा टीव्हीच्या खोलीतून काढून वरच्या रिकाम्या खोलीत रात्री झोपायला ठेवू लागलो. संध्याकाळी सात ते सकाळी सात पूर्ण अंधार. दिवसा पुन्हा खाली, सगळ्यांत. सोफ्याखाली फळ्या ठोकून फट बुजवली. खोकी, कापडी तंबू हद्दपार. पिंजऱ्यातल्या दांड्या आणि वाट्यांच्या जागा बदलल्या, म्हणजे "हे माझं घरटं" ही भावना पक्की होत नाही.

खाण्यात वरणभात आणि वाटीभर सूर्यफुलाच्या बिया बंद. पेलेट्स, गाजर, ढोबळी मिरची, पालेभाजी, थोडी भिजवलेली हरभऱ्याची डाळ. तेही नुसतं वाटीत नाही, कागदात गुंडाळून किंवा खेळण्यात लपवून, म्हणजे शोधून खाण्यात वेळ आणि ताकद जाते. रानात पक्ष्याचा दिवसातला मोठा वेळ अन्न शोधण्यातच जातो, आपण त्याला वाटीपुढे बसवून रिकामटेकडा करतो.

मादीने अंडं घातलंच, तर ते लगेच उचलून फेकू नका. अंडं नाहीसं झालं की ती भर घालायला आणखी अंडी घालते आणि अंगातलं कॅल्शियम खर्च होतं. डॉक्टरांना विचारून काही दिवस ते (किंवा खोटं अंडं) तसंच ठेवतात, कंटाळा आला की ती स्वतःच सोडते. हे चक्र थांबतच नसेल तर हार्मोनवरचं औषध देण्याचीही सोय आहे, ते डॉक्टरच ठरवतील.

हे सगळं सोपं होतं. अवघड भाग आजींचा होता. शाल नाही, भरवणं नाही, पाठीवर हात नाही. गाडीत परत येताना आजी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आता दिवसभर काय करायचं?"

आम्हाला उत्तर सुचलं नाही. राघूला आजींची जेवढी सवय झाली होती, त्याहून जास्त आजींना राघूची झाली होती, आणि हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. सहा महिने आम्ही त्यांना पक्ष्याच्या भरवशावर सोडलं होतं.

आजींची शिकवणी

पुन्हा डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग शिकवायचं काम आजींनाच द्या की!"

पद्धत अगदी साधी आहे. एक चॉपस्टिक घ्यायची. पक्षी पिंजऱ्यात असताना दांड्यांतून तिचं टोक दाखवायचं. पोपट चौकस, तो येऊन चोच लावतोच. त्या क्षणी "शाब्बास!" म्हणायचं आणि सूर्यफुलाची एक बी द्यायची. बिया वाटीतून बंद केलेल्या असल्यामुळे आता त्या बीला सोन्याचा भाव! दोन-तीन दिवसांत पक्ष्याला कळतं की काडीला चोच लावली की बी मिळते. मग काडी थोडी लांब धरायची, पक्षी चालत येतो. मग एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर. मग पिंजऱ्याबाहेर ठेवलेल्या स्टँडवर. आणि शेवटी हाती धरलेल्या छोट्या दांडीवर. बोट सर्वांत शेवटी, घाई नाही.

शिकवणी पाच मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा. पक्ष्याने पाठ फिरवली की संपली. "नको" म्हटलेलं ऐकलं जातं हे कळलं की त्याला चावायची गरज उरत नाही.

आजींना हे इतकं आवडलं की त्यांनी मुलींच्या जुन्या वहीत रोजची हजेरी मांडली. "आज ३ वेळा काडी, १ वेळा स्टँड. दुपारी नाराज, सोडून दिलं." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी धाकटीला शेजारी उभं करून काडी तिच्या हातात दिली. राघू आजींकडे बघत राहिली, मग हळूच येऊन धाकटीच्या काडीला चोच लावली. असं एकेक करून आम्हा सगळ्यांची पाळी आली. बी देणारे हात पाच झाले, तेव्हा जोडीदार आणि शत्रू हा भेद पुसट झाला. थोरली मात्र महिनाभर लांबच राहिली. तिला आम्ही कोणी आग्रह केला नाही, तोच नियम माणसालाही लागू!

देऊन टाकावा का?

हा विचार मनात येण्यात पाप नाही. रिंगनेक पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, मोठे पोपट त्याहून जास्त. घरात तान्हं बाळ असेल, कोणाला दमा असेल, तर अनुभवी माणसाकडे किंवा पक्ष्यांच्या रेस्क्यू संस्थेकडे देणं कधी कधी बरोबरच असतं. पण डॉक्टरांना दाखवून, घर बदलून, दोन-तीन महिने प्रयत्न करून मग ठरवा. विणीचा काळ संपला की बरेच पक्षी आपोआपही निवळतात.

एक मात्र कधीही करू नका: दार उघडून सोडून देऊ नका. "शिकागोत हाइड पार्कला हिरवे पोपट राहतात की," असं कोणी म्हणालं तर सांगा, ते दक्षिण अमेरिकेतले मंक पॅराकीट. ते काड्यांची भलीमोठी सामाईक घरटी बांधून त्यात हिवाळा काढतात. आपल्या घरात वाढलेल्या पक्ष्याला ना ते घरटं येतं, ना अन्न शोधता येतं. बाहेर एक थंडीची रात्रही त्याला पुरे.

आता कसं आहे?

आजी एप्रिल २०२३ मध्ये साताऱ्याला परत गेल्या. जाताना वही इथेच ठेवून गेल्या, "खाडा करू नका" असं बजावून. आम्ही केला नाही.

राघूबाई काही साध्वी झालेल्या नाहीत. दर फेब्रुवारी ते एप्रिल त्या कुरकुऱ्या असतात. त्या दिवसांत आम्ही दिवे लवकर मालवतो, खांद्यावर घेत नाही आणि जास्त काही मागत नाही. त्यानंतर एकदाच रक्त निघालं, तेव्हा आमच्यापैकी एकजण फोनवर बोलता बोलता न बघता हात पुढे करून बसला होता. थोरलीच्या ओठावर बारीकसा वण आहे, आणि सध्या राघूचा सर्वांत जास्त अभ्यास तीच घेते.

आजींशी दर रविवारी व्हिडिओवर बोलणं होतं. आधी राघू काडीला चोच लावून दाखवते, मग आमची चौकशी होते.

तर मंडळी, तुमच्या घरी असा रुसवा सुरू असेल तर आज एक वही काढा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटलो की वही घेऊन या, बसून बघू. आणि गावाला जाताना पक्षी कुठे ठेवायचा असा प्रश्न असेल तर तेही सांगा. वरची खोली रिकामीच असते, फक्त दिवे सातला बंद होतात!